फ्रेंच न येणाऱ्या पालकांचा फ्रेंच वर्ग

पेडणे तालुक्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात आठवीच्या फ्रेंच वर्गाभोवती जे घडलं, त्याची ही नोंद. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. फ्रेंच मला येत नाही, आणि आठवीत फ्रेंच घेणारं प्रत्येक मूल माझ्या वर्गातून उठून गेलेलं असतं. तेव्हा हे सगळं मी अगदी तटस्थपणे पाहिलं असा दावा करत नाही. शाळेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. तालुका लहान आहे, ओळखणारे ओळखतीलच.

गोव्यात फ्रेंच कुठून आलं, असं घाटावरचे पाहुणे हमखास विचारतात. इथे राज्य पोर्तुगिजांचं होतं हे खरं, पण पणजीच्या लिसेंवात, म्हणजे तेव्हाच्या माध्यमिक शाळेत, पोर्तुगीज अमदानीतही फ्रेंच शिकवत. आजही गोव्यातल्या कित्येक हायस्कुलांत भाषेच्या पर्यायांमध्ये फ्रेंच असतं, गोवा विद्यापीठात ते पदव्युत्तर पातळीपर्यंत शिकता येतं, पणजीत आलियान्स फ्रांसेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे. पालक मात्र या परंपरेकडे बघून फ्रेंच घेत नाहीत. मार्कांकडे बघून घेतात. ‘फ्रेंच स्कोरिंग आहे’ हे वाक्य मी पालक-सभेत इतक्यांदा ऐकलंय की ते शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहायला हरकत नाही. आमच्या किनारपट्टीत त्याला आणखी एक कारण आहे. मोरजीला रशियन पाहुणा, तसा आश्वे-मांद्रे पट्ट्यात फ्रेंच पाहुणा बराच. कोणाच्या घरी खोल्या भाड्याने दिलेल्या, कोणाचा शॅक, कोणाची टॅक्सी. २०२३च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून टॅक्सीवाल्यांच्या घरात परकी भाषा हा पोटापाण्याचा विषय झालाय.

काय अडलं होतं

फ्रेंचच्या टीचर म्हापशाहून येतात, लेक्चर बेसिसवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर. आठवड्याचे मोजके तास घेऊन त्यांना दुसऱ्या शाळेत पळावं लागतं. पहिल्या चाचणीत मुलांना लेखी पेपरात बरे मार्क पडले. पण तोंडी परीक्षेत टीचरनी नाव, वय, घर कुठे एवढंच विचारलं, तरी वर्ग गप्प. एका मुलीनं पाठ केलेला उतारा म्हणायला घेतला. मध्येच टीचरनी प्रश्न घातला, तेव्हा ती थांबली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणू लागली.

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय निघाला आणि अपेक्षेप्रमाणे ट्यूशनवर गेला. ट्यूशन म्हापशाला किंवा पर्वरीला. संध्याकाळी मुलांना कदंबच्या सरकारी बसने पाठवायचं म्हणजे परतीच्या बसची काळजी, आणि सगळ्यांच्या घरी गाडी असतेच असं नाही. टीचर म्हणाल्या, ट्यूशनमध्येही लिहूनच घेतील. मुलांच्या कानावर भाषा पडायला हवी आणि तोंड उघडायला वेळ हवा, तो माझ्या तासात बसत नाही. तेव्हा मागच्या बाकावरची एक आई म्हणाली, “मग आम्ही बसवतो की मुलांना. पण आम्हांला कुठे येतं?”

पुढचं सगळं प्रकरण या प्रश्नाभोवती फिरतं. ज्यांना भाषा येत नाही अशा पालकांनी ती शिकणाऱ्या मुलांसाठी नेमकं करायचं काय?

हा प्रश्न जगात प्रथम आमच्या पेडण्याला पडला असंही नाही. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या गावी इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी शाळा-मंडळाच्या मागे लागून १९६५ साली बालवर्गापासून पूर्ण फ्रेंचमधून शिकवणारा प्रायोगिक वर्ग सुरू करायला लावला. मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. फ्रेंचमधून शिकूनही मुलांचं इंग्रजी मागे पडलं नाही, हे त्यातून पुढे आलं. १९६९मध्ये तिथे दोन राजभाषांचा कायदा झाला, १९७७मध्ये ‘कॅनेडियन पेरेंट्स फॉर फ्रेंच’ ही पालकांची संघटना उभी राहिली. तिच्यातल्या कित्येक पालकांना स्वतःला फ्रेंच येत नव्हतं. त्यांनी शिकवायला घेतलं नाही. त्यांनी वर्ग मागितले, माहिती गोळा केली, मुलांना बोलायला लावणारे कार्यक्रम आणि वक्तृत्व स्पर्धा घेतल्या. आमच्या टीचरनी हे बैठकीत सांगितलं, तेव्हा एका वडिलांनी विचारलं, “त्यांच्या रस्त्यावरच्या पाट्या फ्रेंचमध्ये असतात ना?” विचारायलाच हवा होता असा प्रश्न. क्युबेकमध्ये दाराबाहेर फ्रेंच आहे. आमच्या दाराबाहेर कोंकणी आहे, देवळात मराठी आहे, शाळेत इंग्रजी आहे, आणि फ्रेंच आहे ते फक्त ऑक्टोबर ते मार्च, तेही समुद्राच्या कडेला.

देवनागरीतलं फ्रेंच

सुरुवातीला पालकांनी त्यांना जमतं तेच केलं: व्हॉट्सॲप ग्रुप. सगळ्यांत उत्साही होत्या त्या शिकलेल्या आया. एकीनं धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं टाइप करून टाकली. दुसरीनं मोबाइलवर उच्चार ऐकून ते देवनागरीत लिहून काढले, म्हणजे घरी कोणालाही मुलाकडून म्हणवून घेता येईल. मेहनत खरी होती. पानं सुबक होती. आजीसुद्धा चष्मा लावून नातवाचं फ्रेंच तपासू लागली.

एक महिन्यानं टीचरच्या हातात वह्या आल्या, तेव्हा घोळ कळला. देवनागरी बऱ्याच भाषांचे उच्चार नीट पकडते म्हणून आपल्याला तिचा अभिमान असतो, पण फ्रेंचच्या काही स्वरांपुढे ती हात टेकते. ‘तू’ या अर्थाचा शब्द आणि ‘सगळं’ या अर्थाचा शब्द, दोन्ही कागदावर ‘तू’ असेच उतरले होते. पहिल्यातला स्वर ओठ ऊसारखे गोल करून आत ई म्हटल्यावर येतो. त्याला आपल्याकडे अक्षरच नाही. नाकातले तीन वेगवेगळे स्वर सगळे एकाच चंद्रबिंदूखाली गेले. त्याहून वाईट झालं ते लेखनात. फ्रेंचमध्ये ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांतलं क्रियापद कानाला एकच, ‘पार्ल’. लिहिताना मात्र अनेकवचनाला शेवटी तीन न उच्चारलेली अक्षरं. देवनागरीवरून पाठ केलेल्या मुलांनी दोन्ही सारखंच लिहिलं. म्हणजे ज्या लेखी परीक्षेत मार्क पडत होते, तिथेही आता गळती लागली.

इथे एक गंमतही झाली, आणि मराठीची शिक्षिका म्हणून ती नोंदवायला मला जरा जड जातं. नाकातले स्वर ज्या मुलांना पटकन जमले, ती घरी कोंकणी बोलणारी मुलं होती. प्रमाण मराठीच्या बोलण्यातून अनुनासिक स्वर जवळजवळ गेले; आपण ‘हांव’, ‘तूं’, ‘शीं’ असं नाकातून बोलत नाही. कोंकणीत ते जिवंत आहेत. टीचरनी मुलांना सांगितलं, फ्रेंच ‘चांगला’ म्हणताना तोंडात इंग्रजी आणू नका, घरच्यासारखं नाकातून बोला. वर्ग हसला आणि उच्चार सुधारला. तू आणि तुम्ही यांतला फरक, निर्जीव वस्तूंना लिंग असणं, हेही मुलांना नवीन नव्हतं. इंग्रजीतून समजावलं की ते अवघड होतं, एवढंच.

देवनागरी पानं बंद करायचं ठरलं, तेव्हा ती करणाऱ्या आईला वाईट वाटलं. ती ग्रुप सोडून गेली नाही, पण नंतर फारशी दिसलीही नाही.

संकासुराचा नारळ

वळण आलं ते एका अगदी गप्प पालकाकडून. हे गृहस्थ दिवसा टॅक्सी चालवतात आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारी मंडळींबरोबर रात्री उभे राहतात. मुलं पाठ करतात आणि मध्ये अडवलं की कोलमडतात, हे टीचर सांगत होत्या तेव्हा ते म्हणाले, “आमच्यांत पाठ करून कोण उबो रावना, टीचर. आख्यान सांगतात, मागीर ज्याचें ताणें पळोवप.” म्हणजे पाठ करून कोणी उभा राहत नाही; आख्यान सांगतात, मग ज्याचं त्यानं बघायचं.

ज्यांनी दशावतार, हे आमच्याकडचं जत्रेतलं लोकनाट्य, पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. लिहिलेली संहिता नसते. आधी आख्यान ठरतं, कोण कोणता हे ठरतं, कथा कुठून कुठे जाणार एवढं माहीत असतं. संवाद समोरचा काय बोलेल त्यावर. पूर्वरंगात, म्हणजे मुख्य कथेआधी, संकासूर हा विनोदी असुर आणि भटजी यांची जी जुंपते ती तर दर रात्री वेगळी. समोरच्यानं अनपेक्षित काही टाकलं तर थांबून पहिल्या ओळीवर जाता येत नाही. प्रॉम्प्टर नाहीच, तर वाट कोणाची पाहणार?

गावातल्या जत्रेच्या नाटकांत कामं केलेले पालक आमच्याकडे भरपूर आहेत. त्यांनी आधी मराठी नाटकासारखी तालीम सुचवली होती: संवाद द्या, आम्ही बसवून घेतो. टीचरनी ते नाकारलं, कारण मग पुन्हा पाठांतरच. दशावताराची रीत मात्र त्यांनी उचलली. शनिवारी शाळा सुटल्यावर हॉलमध्ये बसायचं. टीचर दोन ओळींत प्रसंग सांगणार, तोही मराठीत किंवा कोंकणीत. उदाहरणार्थ: संकासूर बाजारात नारळ विकायला बसलाय; गिऱ्हाइकाला फक्त फ्रेंच येतं; त्याला किंमत काढून घ्यायची आहे, ती जास्त वाटते असं सांगायचं आहे आणि बाजारातून देवळाकडे जायची वाट विचारायची आहे. कागद नाही. अडलं की ‘झ न से पा’ म्हणजे ‘मला माहीत नाही’ म्हणायचं, किंवा ‘हे कसं म्हणायचं?’ हे फ्रेंचमध्येच विचारायचं. संकासूर असल्यामुळे चुकलं तरी शोभतं. काळा झगा, तोंडावर काळी टोपी, बाहेर लोंबणारी जीभ, मग व्याकरण कोण बघतो! लाजाळू मुलांना या मुखवट्याचा फार आधार झाला.

पालकांचं काम दोनच गोष्टींचं. एक, प्रेक्षक म्हणून बसायचं. दोन, त्यांना शिकवलेले चार-पाच प्रश्न विचारायचे: हे काय आहे, किती, कुठे, परत सांग. उत्तर सांगायचं नाही, सुचवायचं नाही. यात एक सोय अशी की पालकाला उत्तर खरोखरच माहीत नसतं. शिक्षक विचारतो तेव्हा मुलाला ठाऊक असतं की ह्याला सगळं येतंय आणि हा आपली परीक्षा घेतोय. आई विचारते तेव्हा तिला समजलंच पाहिजे, नाहीतर ती तोंड वाकडं करून ‘रेपेत’, म्हणजे ‘परत सांग’, म्हणते. मग मूल हात हलवतं, चित्र काढतं, दुसरा शब्द शोधतं. टीचरना हेच हवं होतं.

एका शनिवारी नारळाची किंमत ऐंशी निघाली आणि मुलगा अडला. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’, नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’. पाठ्यपुस्तकात ही पद्धत विचित्र म्हणून चौकटीत दिलेली असते. मागे नातीला घ्यायला आलेली एक आजी बसली होती. तिला प्रसंग काय चाललाय ते खुणांवरून कळत होतं. ती मोठ्यानं म्हणाली, “चार विसां म्हण मरे!” जुनी माणसं आमच्याकडे विसांतच मोजतात. त्यानंतर त्या वर्गात सत्तर ते नव्याण्णव कोणाला अडलं नाही.

खोल्यांवाली काकी

या सगळ्यात सगळ्यांत जास्त फ्रेंच येणारी पालक कोण, हे बरेच दिवस कोणाला माहीत नव्हतं. ती एका मुलाची आई. किनाऱ्यालगत घराच्या दोन-तीन खोल्या भाड्यानं देते, हंगामभर फ्रेंच पाहुणे तिच्याकडे राहतात, वर्षानुवर्षं तेच तेच येतात. शिक्षण जेमतेम. बैठकीला येऊन भिंतीला टेकून बसायची. एकदा संकासुराच्या प्रसंगात गिऱ्हाइक झालेला मुलगा चावी, पाणी, चादर असे शब्द शोधत होता, तर ही मागून फाडफाड बोलली. टीचर वळून बघतच राहिल्या. “माका बरोवपाक येना, पूण उलोवपाक येता,” ती ओशाळून म्हणाली. लिहिता येत नाही, पण बोलता येतं.

आता पालकांत दोन तट पडले. काही शिकलेल्या पालकांचं म्हणणं, तिचं फ्रेंच अशुद्ध आहे, मुलांना वाईट वळण लागेल. हे अगदी खोटं नव्हतं. तिच्या बोलण्यात स्त्रीलिंग-पुल्लिंग एकमेकांत मिसळलेले, क्रियापदं बहुतेक एकाच रूपात. पण या तक्रारीत भाषेइतकीच प्रतिष्ठाही होती, असं माझं मत आहे. ज्या पालकांना एक वाक्य धड बोलता येत नव्हतं तेच तिचं व्याकरण काढत होते.

टीचरनी तोडगा काढला तो मला अजूनही आवडतो. काकीनं मुलांना काही ‘शिकवायचं’ नाही. तिनं घरमालकीण व्हायचं, मुलांनी पाहुणे, आणि तिच्या वेगानं बोलायचं. मुलांचा कान सरावला पाहिजे. प्रसंग संपल्यावर टीचर फळ्यावर चार वाक्यं घेणार आणि मुलांनीच ती दुरुस्त करायची. ती वाक्यं कोणाची हे सांगायचं नाही; मुलांची असोत की काकीची. काकी पुढच्या आठवड्यापासून मुलाची जुनी वही घेऊन बसू लागली. ती कशासाठी, हे तिला कोणी विचारलं नाही.

तिनं एक सूचना केली, पाहुण्यांनाच शाळेत आणते. मुलं उड्या मारायला लागली. मुख्याध्यापकांनी थांबवलं, आणि बरं केलं. गोव्यात २००३चा बाल कायदा आहे. हॉटेल-लॉजच्या खोलीत घरच्यांशिवाय मूल येऊ नये अशी तरतूद त्यात आहे, आणि ती काही उगाच केलेली नाही. या किनाऱ्यानं वाईट गोष्टी पाहिल्यात. त्यामुळे नियम ठरला: मुलं पाहुण्यांकडे जाणार नाहीत, पाहुणे एकटे मुलांसोबत बसणार नाहीत, फोन नंबर कोणी कोणाला देणार नाही. शेवटी एक वयस्क जोडपं एकदाच आलं, शाळेच्या हॉलमध्ये, पालक आणि शिक्षकांसमोर. मुलांनी त्यांना संकासूर दाखवला. आजोबांना जीभ फार आवडली. संवाद मात्र आमच्या अपेक्षेपेक्षा कमी झाला, कारण मुलं त्यांच्याशी बोलण्याऐवजी त्यांचे फोटो काढायच्या नादात होती.

परीक्षा आणि हंगाम

निकालाबद्दल फुगवून सांगण्यासारखं काही नाही. वार्षिक तोंडी परीक्षेत वर्गातली बरीच मुलं प्रश्नाला उत्तर देऊ लागली, काही उलटा प्रश्नही विचारू लागली. काही पूर्वीइतकीच गप्प राहिली; शनिवारी न येणारी बहुतेक त्यांतच. लेखी मार्क वाढले नाहीत. एक-दोघांचे थोडे कमीच झाले, आणि त्यांच्या पालकांनी स्पष्ट सांगितलं की आम्ही फ्रेंच मार्कांसाठी घेतलं होतं, नारळ विकण्यासाठी नाही. त्यांतल्या एका मुलानं पुढे विषय बदलला. त्या पालकांवर मी रागावू शकत नाही. दहावीचा मार्कमेमो बोलता येतं का हे विचारत नाही.

ज्यांना प्रमाणपत्र हवं होतं त्यांच्यासाठी टीचरनी डेल्फची माहिती काढली. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची ही परीक्षा. शाळकरी मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारांना प्रत्येकी २५ गुण, उत्तीर्ण व्हायला १००पैकी ५०, पण कुठल्याही एका भागात ५पेक्षा कमी पडले तर बाकी कितीही असोत, नापास. सगळ्यांत खालच्या ए-१ पातळीच्या तोंडी परीक्षेत तीन भाग असतात: स्वतःची ओळख, मग चिठ्ठीवरच्या शब्दांवरून परीक्षकालाच प्रश्न विचारणं, आणि शेवटी एक ठरवलेला प्रसंग, बहुधा दुकानातली खरेदी. हे ऐकून टॅक्सीवाले काका म्हणाले, “म्हणजे संकासूरच.” टीचरनी मान डोलावली.

खरी अडचण वेगळीच निघाली, आणि ती कॅनडाच्या कुठल्याही पालकाला पडली नसेल. आमचे सगळ्यांत उपयोगी स्वयंसेवक पर्यटनावर जगतात. पावसात ते मोकळे. पाऊस होता तोवर हॉल भरलेला असायचा. छत्र्या दारात, कोणीतरी भजी आणलेली. चतुर्थी झाली, पाऊस ओसरला, आणि टॅक्सी, शॅक, खोल्या सुरू झाल्या. काकी दिसेनाशी झाली. दशावतारी काका जत्रांच्या रात्री जागून शनिवारी झोपायचे. म्हणजे फ्रेंच बोलणारा पाहुणा गोव्यात उतरतो नेमका तेव्हाच पालकांचा फ्रेंच वर्ग ओस पडतो. डिसेंबरात तर टीचर आणि दोन आया एवढ्याच उरल्या होत्या.

म्हणून यंदा वेळापत्रक उलटं केलंय. बोलण्याचं सगळं काम पावसाळ्यात उरकायचं, हंगामात शनिवारी लेखी सराव, ज्याला पालक लागत नाहीत. ज्या आईनं देवनागरी पानं केली होती तिला टीचरनी फोन करून ऐकण्याच्या ध्वनिफिती गोळा करायला सांगितलंय. मोबाइलवर शोधून काढण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. ती हो म्हणाली आहे.

माझ्या विषयाचं काय, हे मला विचारणारे आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात असं म्हटलंय. फ्रेंचचा उल्लेख माध्यमिक पातळीवर शिकवता येतील अशा परकीय भाषांच्या यादीत आहे. ते पूर्ण अमलात आलं की आमच्या शाळेत फ्रेंच कुठल्या खणात बसेल, त्यावर स्टाफरूममध्ये रोज एक मत नव्यानं मांडलं जातं. मला एवढंच दिसलं, की मराठी सोडून गेलेली मुलं शनिवारी दशावताराचं आख्यान मन लावून ऐकत होती, आणि त्यांतल्या दोघांनी गावच्या काल्यात, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी खेळात, उभं राहायचं ठरवलंय. त्यांना माझ्या वर्गात परत आणता येईल का, ते वेगळं प्रकरण.

सध्या अडलंय ते टीचरच्या नेमणुकीवर. लेक्चर बेसिसमध्ये शनिवारचे तास धरले जात नाहीत. वर्षभर त्या स्वखर्चानं म्हापशाहून आल्या. पालकांनी हे तास अधिकृत धरावेत असा अर्ज व्यवस्थापनाला दिलाय. सह्यांमध्ये काकीची सही आहे, आणि तिच्या व्याकरणावर हरकत घेणाऱ्यांच्याही. उत्तर यायचं आहे.